सावलीचे पैसे वेगळे

गावोगाव फिरून माणसांची चित्रं रंगवणाऱ्या या गृहस्थाला गाठायचं तर १८३० च्या सुमाराला अमेरिकेत, कनेटिकट किंवा मॅसॅच्युसेट्सच्या एखाद्या धुळकट रस्त्यावर उभं राहायला हवं. कालपर्यंत हा घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाटी जमते तर माणूस का जमू नये, असं एका सकाळी त्याच्या मनात आलं. तेवढंच त्याचं कलाशिक्षण.

शेतकऱ्याच्या घरी मुक्काम ठोकायचा, त्याच्याच पंगतीला जेवायचं, पण दर आधी सांगायचा. त्यात आडपडदा नाही. विल्यम मॅथ्यू प्रायर या चिताऱ्याने तर १८३१ साली मेन राज्यातल्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली: छायेविना सपाट चेहरा चालणार असेल तर चौथाई किंमत. नाकाखालची सावली गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर! घरधनीण कुरकुरते, ‘हे नाक माझं नाही हो.’ हा ब्रश पुसत म्हणतो, ‘चौथाईत एवढंच बसतं, बाई.’

हात म्हटलं की या फिरत्या चिताऱ्याच्या पोटात गोळा येतो. बोटं चार होतील की सहा, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून बाईच्या हातात पुस्तक, पोराच्या मांडीवर मांजर. लेस मात्र अशी काढेल की भोकं मोजून घ्यावीत. ॲमी फिलिप्स या चिताऱ्याला लाल झगा एकदा साधला, तर तोच झगा त्याने आणखी काही पोरांच्या अंगावर चढवला. आणि तरीही, मांजर कवटाळून बसलेली त्याची ती लाल झग्यातली मुलगी बघताना हसू ओठांवरच थांबतं. याच फिलिप्सची शैली पुढे इतकी पालटली की अभ्यासक कित्येक वर्षं त्याला दोन वेगळे चितारी समजत होते.

हिवाळ्यात घरी बसून धडं रंगवायची आणि उन्हाळ्यात गावोगाव त्यांवर मुंडकी बसवायची, अशीही या फिरत्या चिताऱ्यांची ख्याती. पुरावा नाही. पण काही चित्रांतल्या माना पाहिल्या की पुरावा मागावासा वाटत नाही.

१८३९ मध्ये पॅरिसहून दागेरोटाइपची, म्हणजे पत्र्यावरच्या फोटोची, वार्ता आली. दिवसात एक माणूस उरकणारा चितारी इरॅस्टस फील्ड पुढे फोटो समोर ठेवूनच चेहरे रंगवू लागला. त्या चिमुकल्या पत्र्यावर पाचही बोटं आपसूक उमटत होती, आणि सावलीचे पैसे कुणी वेगळे मागत नव्हतं.