परिचरास निमंत्रण नाही

महाराष्ट्रातील विज्ञानशिक्षकांच्या ज्ञानवृद्धीची सरकारदरबारी कोणास फिकीर नाही, असा जो प्रवाद चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या अधिवेशनांपर्यंत अधूनमधून कानी येतो, तो सर्वस्वी निराधार आहे, हे प्रारंभीच नमूद करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. प्रत्येक शिक्षकाने वर्षास किमान ५० तास आपला व्यावसायिक विकास करून घ्यावा, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुक्रर केलेले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी ‘निष्ठा’ नामक शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम देशभर जारी झाला होता. आणि आपल्या राज्यापुरते बोलावयाचे तर बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी व चोवीस वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी प्रशिक्षणाच्या दाखल्यावाचून पदरात पडत नाही, हे ज्यास ठाऊक आहे, तो गृहस्थ शिक्षकांच्या ज्ञानपिपासेविषयी तिळमात्र शंका घेणार नाही.

या विद्येचा अवतरणक्रमही अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. राज्यस्तरावर निवडक मंडळींस विषय सांगितला जातो, ती मंडळी जिल्ह्यास सांगतात, जिल्ह्याचे सुलभक तालुक्यास सांगतात, आणि तालुक्याहून परतलेला शिक्षक आपल्या मुख्याध्यापकांस एवढेच सांगतो, की जेवण बरे होते. द्रावणाचा एक भाग घेऊन त्यात नऊ भाग पाणी घालावे, त्यातला पुन्हा एक भाग घेऊन पुन्हा नऊ भाग पाणी घालावे, अशी विरलीकरणाची जी रीत आहे, ती येथे इतक्या कसोशीने पाळली जाते की शेवटच्या बाटलीत मूळ द्रव्याचा रेणू शोधूनही सापडत नाही, मात्र बाटलीवरची चिठ्ठी अखेरपर्यंत तीच राहते. होमिओपॅथीवर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी तरी या पद्धतीस नावे ठेवू नयेत.

एका तालुक्याच्या गावी भरलेल्या अशाच एका वर्गाचा वृत्तांत आमच्या एका शिक्षक स्नेह्यांकडून आम्हांस साद्यंत ऐकावयास मिळाला. विषय होता प्रयोगांतून विज्ञान. स्थळ एक जुने हायस्कूल, ज्याच्या तळमजल्यावर ओट्यांची, नळांची आणि काचेच्या कपाटांची ऐसपैस प्रयोगशाळा आहे. आणि वर्ग भरला तो पहिल्या मजल्यावरील सभागृहात, कारण प्रयोगशाळेस कुलूप होते, आणि कुलपाची किल्ली ज्याच्या कडोसरीस असे तो प्रयोगशाळा परिचर निमंत्रितांच्या यादीत नसल्याकारणाने त्या दिवशी त्यास पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजावयास धाडण्यात आले होते. प्रथम पावसाच्या टाळ्या झाल्या. एका बोटाची, दोन बोटांची, मग अख्ख्या पंजाची, अशी सर वाढत गेली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरील पदवीधर मंडळींनी ती यथासांग ओसरूही दिली. त्यानंतर पूर्वचाचणी, त्यानंतर पडद्यावर, वीज होती तोवर, संहत गंधकाम्लाचे विरलीकरण.

आता आम्ल पाण्यात घालावयाचे, पाणी आम्लात नव्हे. कारण या मीलनात उष्णता एवढी निर्माण होते की वर ओतलेले पाणी जागच्या जागी उकळून आम्लासह तोंडावर उडते, हे त्या सभागृहातील प्रत्येकास तोंडपाठ होते. तथापि तोंडपाठ असलेली गोष्ट गटचर्चेवाचून सिद्ध मानू नये, असा सुलभक महाशयांस वरून आदेश असल्याने पाच गट पाडण्यात आले, तक्त्याचे कागद व रंगीत पेने वाटण्यात आली, आणि पाऊण तासाने पाचही गटांनी एकमुखाने जाहीर केले की आम्ल पाण्यात घालावे. चंचुपात्र मात्र अखेरपर्यंत कोणाच्या हाती आले नाही. सायंकाळी उत्तरचाचणीत सर्वांचे गुण वाढले, आणि अभिप्रायाच्या रकान्यात सर्वांनी ‘अत्यंत उपयुक्त’ असा शेरा मारून घरची एसटी गाठली.

आमच्या मते या साऱ्या व्यवहारातील खरा विज्ञाननिष्ठ मनुष्य खाली तांदूळ मोजीत होता. कॉस्टिक सोड्याच्या बाटलीस काचेचे बूच लावले तर ते कायमचे चिकटून बसते म्हणून रबराचे लावावे. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत आणि सोडियम रॉकेलात बुडवून ठेवावे. ब्युरेटची तोटी अडली तर जोर न करता तिला व्हॅसलिनचे बोट लावावे. काचेची नळी बुचात सारताना ती ओली करून, हाताभोवती फडके गुंडाळून, फिरवीत फिरवीत सारावी, नाहीतर तळहातास टाके पडतात. आणि सूक्ष्मदर्शकाचे भिंग कोणत्याही बाईंच्या पदराने पुसू देऊ नये, मग त्या बाई पर्यवेक्षिका का असेनात. ही सर्व विद्या ज्याच्या बोटांत असते, त्याने ती आपल्या आधीच्या परिचराकडून शिव्या खात उचललेली असते. त्यास ना ५० तास, ना दाखला, ना पावसाच्या टाळ्या. शिवाय तो आता फार दिवसांचा सोबतीही नाही. २०२० च्या डिसेंबरात अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीच्या पदांऐवजी ‘शिपाई भत्ता’ देण्याची तजवीज झाली, तेव्हा एक परिचर निवृत्त झाला की त्याच्या जागी भत्ता रुजू होतो. आणि भत्त्यास ब्युरेटची तोटी सोडविता येते किंवा कसे, याविषयी शासननिर्णय मौन आहे.

दहावीच्या परीक्षेत विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकास राखून ठेवलेले असतात. प्रयोग न करताही ते मिळतात, असे म्हणणारे लोक आहेत. आम्ही तसे म्हणणार नाही, कारण आमच्या पुतण्यास ते नुकतेच मिळाले आहेत.

हे सारे असेच असावयाचे, याहून निराळे काही संभवतच नाही, असे म्हणावे तर शेजारच्या मध्य प्रदेशाचे उदाहरण आड येते. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम आरंभिला, त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांस विद्यार्थ्यांप्रमाणे टोळ्या करून जमिनीवर बसविले जाई, त्यांच्या पुढ्यात साहित्याची पेटी ठेवली जाई, आणि पुढे मुलांनी जे प्रयोग करावयाचे ते सर्व आधी त्यांना स्वहस्ते करावे लागत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील मातब्बर शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी बसत, आणि प्रयोग फसला तर का फसला याचा खल होई. मुलांची परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून व प्रयोग करवून घेतली जाई. इतक्या उघड उघड गैरशिस्त उपक्रमास तीस वर्षे कोणी हात लावला नाही, हेच आश्चर्य. २००२ साली तेथील सरकारने तो रीतसर बंद केला. सातासमुद्रापलीकडे इंग्लंडात तर शाळांच्या प्रयोगशाळा-तंत्रज्ञांसाठी ‘क्लीप्स’ नावाची एक सल्लागार संस्थाच आहे, आणि उरलेले द्रावण मोरीत ओतावे की ओतू नये, एवढ्या क्षुल्लक प्रश्नासाठीही तेथील तंत्रज्ञ तिला बेलाशक फोन करू शकतो. आपल्याकडे हा प्रश्न मोरीच सोडविते.

सबब, पुढील प्रशिक्षणाच्या पत्राचा मसुदा ज्या साहेबांच्या मेजावर असेल, त्यांस आमची एवढीच दरखास्त आहे: निमंत्रितांच्या यादीत, जेथे जेथे तो अद्याप हयात आणि सेवेत आहे, तेथे तेथे प्रयोगशाळा सहायकाचे व परिचराचे नाव घालावे, त्यास श्रोता म्हणून न बसविता एका सत्राचा मार्गदर्शक नेमावे, आणि मार्गदर्शकाचे मानधन व प्रवासभत्ता इतरांच्या दराने द्यावा. किल्ली तो घेऊन येईल.