आमच्या पाथरवटांचे श्रेय परत करा

वेरूळचे कैलास लेणे परग्रहावरच्या पाहुण्यांच्या नावावर करून टाकणाऱ्या माहितीपट-निर्मात्यास,

महाशय,

तुमचा तो भाग परवा पुन्हा लागला होता, या वेळी मराठीतून. ड्रोन डोंगराच्या कड्यावरून खाली उतरतो, ढोल घुमू लागतात आणि एक खर्जातला आवाज विचारतो: आठव्या शतकातल्या माणसाला हे शक्य होते का? उत्तर तुम्ही कधीच देत नाही. प्रश्नच इतक्या वेळा विचारता की उत्तर बघणाऱ्याच्याच तोंडून बाहेर पडावे. म्हणजे पुरावा द्यायची जबाबदारी नको आणि आरोप मात्र करून मोकळे. ज्यांनी तो डोंगर फोडला, त्यांनी तो फोडलाच नाही, हा तुमचा आरोप आहे. उलटून बोलायला ते लोक आज नाहीत, म्हणून हे पत्र.

तुमच्या हिशेबापासूनच सुरुवात करू. तुमच्या पंथातले लोक छातीठोकपणे सांगतात की चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढला. मग भागाकार करून दर तासाला इतके टन असा आकडा पडद्यावर चमकवतात. कैलासाचे अंगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे. मागचा कडा सर्वांत उंच, सुमारे ३२ मीटर. सगळीकडे तेवढीच खोली धरली तरी १ लाख २० हजार घनमीटर भरतात. काळा कातळ घनमीटरला सुमारे २.९ टन, म्हणजे साडेतीन लाख टन. आता डोंगर पुढच्या बाजूला उतरत येतो, तो उतार वजा करा. मधोमध अख्खे मंदिर उभे आहे, ते वजा करा. तुमचे चार लाख टन त्या खड्ड्यात मावतच नाहीत. हे गणित शाळेतले पोर पाटीवर करील. एवढा निधी, एवढी माणसे हाताशी असून तुम्ही ते एकदाही केले नाही.

अठरा वर्षे तरी कुठून आणली? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३. राजा गादीवर बसला तेव्हा पहिला घाव पडला आणि तो गेला त्या दिवशी काम थांबले, असे कोणत्याही शिलालेखात लिहिलेले नाही. हर्मन गोएट्झ यांच्या मते हे काम अनेक राजांच्या काळात चालू होते. म. के. ढवळीकरांनी मुख्य मंदिर कृष्णाच्याच काळातले ठरवले आणि बाजूची काही लेणी नंतरची मानली. हा खरा वाद आहे, चुरशीचा आहे आणि दोन्ही बाजूंना दगड वाचणारी माणसे आहेत. तुमच्या तासाभरात त्या वादाला एक मिनिटही मिळाले नाही.

ताम्रपट मात्र तुम्हाला ठाऊक असणार, कारण त्यात विमाने आहेत. बडोद्याला सापडलेला, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा, कर्क सुवर्णवर्षाचा ताम्रपट. त्यातले एलापूर म्हणजे वेरूळ, हे रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले. कवी तिथे काय म्हणतो? विमानातून जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क होतात, हे मानवाचे काम नसून स्वयंभूच असावे असे त्यांना वाटते. आणि ज्याने ते घडवले तो कारागीरही आपल्याच कामाकडे पाहून चकित होतो, हे आपल्या हातून झाले तरी कसे. नीट वाचा. विमानातले देव प्रेक्षक आहेत. घडवणारा जमिनीवर उभा आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या राजकवीने माणसाला जे श्रेय दिले, ते तुम्ही ढोल वाजवून काढून घेतले.

कैलासाच्या मागच्या खंदकात जा, भिंतीवर हात फिरवा. टाक्यांच्या तिरक्या रेघा आजही बोटांना लागतात. प्रकाशवर्षे ओलांडून आलेल्या यंत्राने लोखंडी टाकी हाती घ्यायची काय गरज होती? लेणे वरून खाली कोरत आणले, यात गूढ काही नाही. त्यात शहाणपण आहे. परांची बांधावी लागत नाही, खालचा न कोरलेला कातळच उभे राहायला जागा देतो, तोडलेला दगड पुढच्या बाजूने बाहेर निघतो. तिथून थोडे पुढे जैन लेण्यांत छोटा कैलास आहे, अर्धवट सोडलेला. अजिंठ्याचे चोविसावे लेणेही अपुरे आहे. खांब कसे अडवून ठेवत आणि मग कसे सोडवत, ते तिथे पायरी पायरीने दिसते. तुमच्या पाहुण्यांचे पैसे संपले होते का? माणसांचे संपतात. राजे मरतात, दाते पाठ फिरवतात, दगडात भेग निघते.

आणि नकाशाही आकाशातून पडलेला नाही. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी कैलासाचे साम्य साध्या डोळ्यांना दिसते. ते चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधवले आणि स्थपतीचे नाव तिथल्या शिलालेखात कोरलेले आहे: गुंड, म्हणजेच अनिवारिताचारी.

नावे हवीत ना? कर्जतजवळ कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर इसवी सनापूर्वीच्या अक्षरांत लिहिले आहे की कण्हाचा शिष्य बालक याने हे केले. कार्ल्याच्या दारावर धेनुकाकटाच्या सामी सुताराचे नाव आहे, बापाच्या नावासकट. पितळखोऱ्याच्या हसऱ्या यक्षावर कण्हदास सोनाराने आपली सही केली. तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कैलासाच्या मुख्य कारागिराचे नाव आपल्यापर्यंत पोचले नाही, याचे मला खरेखुरे दुःख आहे. तुम्हाला मात्र ती मोकळी जागा म्हणजे दुकान थाटायची संधी वाटली.

इजिप्तमध्येही तुम्ही हेच केलेत. २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या तुकडीला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे: खुफूच्या काळात तुऱ्याच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावांत भरून नाईलमार्गे गिझाला कसा नेला, कुठे मुक्काम केला. मोठ्या पिरॅमिडसाठी राबणाऱ्या माणसाचे हस्ताक्षर हाती आल्यावरही तुमचा आवाज विचारतोच आहे की हे कोणी बांधले असेल.

पार्थेनॉनबद्दल किंवा युरोपातल्या उंच चर्चबद्दल हा प्रश्न तुम्ही इतक्या हौसेने विचारत नाही. तिथला गवंडी हुशार असू शकतो. वेरूळचा, गिझाचा, पेरूचा असू शकत नाही. याला मी अज्ञान म्हणणार नाही, ही तुच्छता आहे. आणि ती आमच्याच भाषेत आमच्याच घरात शिरते तेव्हा सहलीला आलेली मुले लेण्याच्या दारात विचारू लागतात, सर, हे एलियननी केले ना? त्यातल्या एखाद्याचा आजा वडार असतो. घण, पहार, सुतकी त्याच्या घरात असतात, गल्लीत पाट्याला टाकी लावून दिलेली असते. त्या मुलाला आपल्या घरातल्या हत्यारांकडे अभिमानाने बघता आले असते.

तुमच्या कार्यक्रमाच्या शेवटी श्रेयनामावली येते. दिवे धरणारा, चहा पुरवणारा, गाडी चालवणारा, सगळ्यांची नावे असतात, आणि ती असलीच पाहिजेत. एकाचे जरी गाळले तर तो तुमच्याशी भांडेल. बालक, सामी आणि कण्हदास यांनी त्याच हक्काने दगडावर आपले नाव घातले होते.

पुढच्या वेळी हा भाग दाखवायच्या आधी चार लाख टनांचा आकडा काढून टाका, ताम्रपट पूर्ण वाचून दाखवा आणि ड्रोन खाली उतरवून कॅमेरा मागच्या खंदकातल्या टाक्यांच्या घावांवर न्या. दिवसाच्या त्याच वेळी, त्याच वाहिनीवर, मराठीतूनच.

आपला,
वेरूळला मुलांना घेऊन जाणारा एक शिक्षक