रिपीट कुठंय?

भाचा करतो काय, हे नातेवाइकांना समजावून सांगायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. तो पुण्यात असतो, प्रोग्रामर आहे. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. पंचाईत पुढे होते. तो बँकेचं सॉफ्टवेअर करत नाही, अमेरिकेच्या क्लायंटसाठी रात्री जागत नाही. तो पडद्यावर वेली काढतो. हातानं नव्हे, वेलीनं कसं वाढावं याचे नियम लिहितो आणि ती आपली आपण वाढते. बोट लावलं की फांदी तिकडे वळते. अशा कामांचा त्याचा मोठा पोर्टफोलिओ आहे. बहिणीनं तो प्रथम पाहिला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाचं बोट पदराला पुसून तिनं पडद्यावर टेकवलं. फुलं हलली.

"मग?"

"मग काही नाही. हलतात."

"बरं," म्हणून तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

जगात अशी कामं करणाऱ्यांची मोठी बिरादरी आहे. केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ साली 'प्रोसेसिंग' नावाचं सॉफ्टवेअर काढलं, ते चित्रकारांना प्रोग्रामिंग जमावं म्हणून. भाचाही त्याच वाटेनं गेला. ब्रुनो सिमाँ नावाच्या फ्रेंच माणसाच्या पोर्टफोलिओत तर आपण चक्क खेळण्यातली मोटार चालवत त्याच्या कामांपर्यंत जायचं असतं. हे ऐकून आमचे शेजारी म्हणाले, "एवढं पेट्रोल जाळून शेवटी बायोडेटाच वाचायचा ना?"

पण आमच्या सोलापूरनं या धंद्याला हसावं, हे काही खरं नाही. नियम लिहून वेली वाढवायचं काम या गावाच्या पूर्व भागात पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे. आपल्या सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर चढण्याआधी ग्राफच्या कागदावर बसतो, चौकोना-चौकोनानं. रंगवलेला चौकोन म्हणजे उभा धागा वर, कोरा म्हणजे खाली. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं मागावरच्या जॅकार्ड यंत्राची सुई आत शिरते आणि तिचा धागा उचलला जातो. नसेल तिथं धागा जागीच. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की पुढचं कार्ड. दोरीनं ओवलेल्या कार्डांची माळ मागावर फिरत राहते आणि खाली मोर एकेका ओळीनं उभा राहतो, पायांपासून.

फ्रान्समधल्या लियोंच्या जॅकार्ड नावाच्या माणसानं ही युक्ती १८०४ च्या सुमारास पक्की केली. त्याच्या निधनानंतर त्याचं एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला चोवीस हजार कार्डं लागली. चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत घरात लावली होती. पाहुण्यांना ते छापील चित्र वाटायचं. याच कार्डांवरून बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राला, म्हणजे संगणकाच्या पूर्वजाला, हुकूम द्यायची पद्धत योजली. म्हणजे भाच्याच्या खापरपणजोबांचा पत्ता शोधायचा तर तो मागाखालीच सापडेल.

हे पटवून द्यायला मी त्याला एका आजोबांकडे नेलं. आयुष्यभर चादरींची डिझाइनं काढलेला माणूस. घरात तेलुगू, आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठी. भाच्यानं फोन पुढे केला. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि वेल वर-खाली करून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"रिपीट कुठंय ह्यात?"

"रिपीट नाही आजोबा. दर वेळी वेगळी वाढते. रँडम."

"म्हंजे जोडच नाही? मग सोपंय की वो!"

पुण्यातल्या परिसंवादांत टाळ्या घेणाऱ्या भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आजोबांनी ट्रंकेतून एक जुना ग्राफ काढला. कडा पिवळ्या पडलेल्या, चौकोन लाल पेन्सिलीनं भरलेले. वेल वरच्या कडेला जिथं संपते तिथंच खालच्या कडेला ती सुरू व्हायला हवी, आणि पांघरणाऱ्याला सांधा कुठं आहे ते कळता कामा नये. अख्खी हुशारी त्यात. एका पानाखाली त्यांनी जोड असा दडवला होता की नखानं दाखवला तेव्हा कुठं आम्हाला दिसला.

पोर्टफोलिओ मात्र या माणसाजवळ नाही. डिझाइन चालेनासं झालं की कार्डं रद्दीत, असा धंद्याचा रिवाज. भाच्याच्या बिरादरीचंही फारसं वेगळं नाही. एके काळी फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी पडद्यावर काय काय नाचवलं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि ती कामं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. टिकतं ते वापरातलं, आणि वापरातल्याला कुणी नाव विचारत नाही. वर्षानुवर्षं विंडोजवर मराठी टाइप करणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की त्यातला 'मंगल' फाँट र. कृ. जोशींनी घडवला? चादरीचंही तेच. ती लग्नात येते, सत्कारात खांद्यावर पडते, थंडीत दोघा भावंडांत ओढली जाते. याहून इंटरॅक्टिव्ह काम मी तरी पाहिलेलं नाही.

भाच्यानं निघताना विचारलं, "काठात कंपनीचं नाव विणायचात, मग स्वतःचं का नाही घातलं कधी?"

"घालता आलं असतं की," आजोबा म्हणाले. "पर मोराची चार पिसं कमी झाली असती."