अटी लागू

पिंपरी पेंढारात माणूस संगणकापुढे बसला की तो सातबारा काढत असणार नाहीतर पीक विम्याचा अर्ज भरत असणार, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे माझ्या पडद्यावर विमानाचा पंख बघून शेजारचे तात्या बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "याला अनुदान किती?"

नाही म्हटल्यावर तात्यांचा विषय संपला. माझा विषय पुतण्याने सुरू करून दिलेला होता. पोरगं चाकणला कंपनीत डिझाइनला आहे. दिवाळीत आलं, मला कांद्याच्या बराखीच्या सावलीत थर्माकोल कापून विमान जुळवताना बघितलं आणि म्हणालं, "काका, आधी कॅडमध्ये काढा, मग कापा." फ्रीकॅड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून टाकून दिलं आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेलं. 'फुकट' म्हटल्यावर मीही जास्त चौकशी केली नाही.

कॅड म्हणजे संगणकावर चित्र काढणं, असं लोक समजतात. चित्र कसलं, जबाब असतो तो. रेघ ओढली रे ओढली की विचारणा सुरू. किती लांब? कशाला समांतर? कुठल्या बिंदूला बांधलेली? उत्तर देईपर्यंत रेघ मोकाट; धक्का लागला की सरकते. एकेक अट घालत जायचं. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की आख्खी आकृती हिरवी होते, आणि एखादी परस्परविरोधी अट घातली की लाल होऊन अडून बसते. ही कल्पना जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' केलं, तेव्हाच प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर काढलेल्या रेघांना 'समांतर राहा', 'काटकोनात राहा' असं बजावता येत होतं.

आमच्या भावकीचा बांध मात्र आजोबांपासून आजवर हिरवा झालेला नाही. अटी त्यालाही आहेत. बाभळीपासून सरळ, विहिरीला चार हात सोडून, पुढे ओढ्याला समांतर. पण बाभूळ पडली, विहीर बुजली आणि ओढा दर पावसाळ्यात जागा बदलतो. प्रत्येक नांगरटीला बांध जरा सरकतो, आणि सरकतो तो नेमका आमच्याच बाजूला. सॉफ्टवेअर अशा वेळी 'इतक्या डिग्री ऑफ फ्रीडम शिल्लक आहेत' असं लिहून दाखवतं. चुलतभाऊ त्याला वहिवाट म्हणतो.

पंखाचा छेद मनाने काढायचा माझा विचार होता, पण विमानवाले मनाने काही काढत नाहीत. व्हर्जिनियस क्लार्क या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १९२२ साली 'क्लार्क वाय' नावाचा छेद तयार केला. पाठ फुगीर, पोट बरंचसं सपाट, जाडी रुंदीच्या ११.७ टक्के. पोट सपाट असल्याने पंख टेबलावर ठेवून सरळ जुळवता येतो, म्हणून हौशी लोक शंभर वर्षं त्यालाच धरून आहेत. त्याचे आकडे इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात फुकट मिळतात. अडचण एवढीच की ते सगळे पंखाची रुंदी एक धरून दिलेले असतात. सॉफ्टवेअरला मिलिमीटर सोडून दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे पंखाची बरगडी येते ती एक मिलिमीटर लांबीची. पडद्यावर ठिपका. त्यावर नाक टेकवून मी बघत असताना सौ.नी फडकं आणून तो ठिपका पुसायचा प्रयत्न केला. १८०ने गुणल्यावर बरगडी हाताच्या पंजाएवढी झाली आणि त्यांनी फडकं मागे घेतलं.

फ्रीकॅडला एक जुनी खोड होती. वस्तूच्या प्रत्येक बाजूला ते स्वतःच क्रमांक द्यायचं. तुम्ही मध्येच खाच पाडली की क्रमांक बदलायचे आणि सहाव्या बाजूवर पाडलेलं भोक भलत्याच ठिकाणी जाऊन बसायचं. २०२४च्या नोव्हेंबरात १.० आवृत्ती आली, तिने या प्रकाराला बराच आवर घातला. मी शिकायला लागलो तो त्यानंतर. आळसाचा इतका सरळ फायदा मला शेतीत कधीच झाला नाही.

घरात माझी बाजू भक्कम करायला मी कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण दिलं. कांदिवलीत घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, २०१७मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. सौ.नी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि त्यांच्या कुरडया कुठे वाळत घालायचे?"

बरगड्या कापायला भोसरीला गेलो. लेझरवाल्याकडे दाराच्या पाट्या आणि लग्नातले 'शुभविवाह' कापून मिळतात. पेन ड्राइव्ह देताच त्याने सवयीने विचारलं, "नाव काय टाकायचं?" पण माणूस जाणकार. लेझरचा किरण लाकूड जाळत जातो आणि एक-दोन दशांश मिलिमीटर स्वतः खातो, म्हणून सहाच्या पट्टीला सहाची खाच काढली तर पट्टी आत खुळखुळते, हे त्याने बल्साचा तुकडा कापून दाखवलं. पडद्यावर खाच जरा कंजूष ठेवायची. हिरव्या आकृतीला हे कोण सांगणार?

वजनाचंही तेच. बल्सा घनमीटरला १६० किलोच्या आसपास धरला की लाकडाचा हिशेब ग्रॅमपर्यंत येतो. गोंद हिशेबात नसतो, आणि तो बहुतेक शेपटाकडेच जास्त लागतो. मग पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर, म्हणजे ४५ मिलिमीटरवर, दोन बोटं टेकवून विमान तोलायचं आणि बॅटरी पुढे सारत राहायचं. एवढ्या संगणकानंतर शेवटी दोन बोटं! तात्यांना हा भाग फार आवडला.

उडवण्याची वेळ हा वेगळाच पेच. वारा पडलेला असतो तो भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि उसातून बिबट्याही त्याच वेळेला बाहेर पडतो. आमच्या गावाने बिबट्याचं जे सोसलंय त्यावर विनोद होत नाही. म्हणून मी चांगलं ऊन आल्यावर, वाऱ्याच्या शिव्या खात उडवतो. ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे. माझं विमान अजून नारळाच्या वर गेलेलं नाही.

राहिला प्रश्न रात्रीचा. २०२४च्या पावसाळ्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे रात्री ड्रोन घिरट्या घालायला लागले आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली, ते कोणी विसरलेलं नाही. तेव्हा समस्त ग्रामस्थांना विनंती: अंधारात आकाशात दिवे दिसले तर पोलीस पाटलांना जरूर फोन करा, पण माझ्या दारावर येऊ नका. माझ्या विमानाला दिवे नाहीत. वजन वाढतं.