बहुमत असेल तर राहा

ओरॅकलने 2001 साली ‘रिअल अ‍ॅप्लिकेशन क्लस्टर्स’ बाजारात आणले. सर्व्हर अनेक, डेटाबेस एकच आणि डिस्क सगळ्यांच्या सामाईक. एक सर्व्हर पडला तरी काम थांबू नये, हा उदात्त हेतू. मग साहेब हौसेने चार सर्व्हर घेतात आणि पैसे संपले म्हणून स्टोरेज एकच. ते बसले की चारही सर्व्हर विलक्षण एकजुटीने बंद पडतात. बिलावर मात्र ‘हाय अव्हेलेबिलिटी’ छापलेले असते.

मांडणीतली शिस्त कडक. लिनक्सवर रीबूटनंतर डिस्कचे नाव बदलू शकते, म्हणून यूडेव्हचे नियम लिहून नाव आणि मालकी पक्की करायची. क्लस्टरमध्ये कोण राहणार हे ठरवणाऱ्या व्होटिंग डिस्क विषम संख्येत: तीन किंवा पाच. ज्या सर्व्हरला निम्म्याहून अधिक डिस्कपर्यंत पोहोचता येत नाही, त्याची क्लस्टरमधून तत्काळ हकालपट्टी. त्याला आमदारांसारखे ना रिसॉर्ट गाठता येते, ना कोर्टात पुढची तारीख मिळते. आणि आपले लोक या सगळ्या डिस्क ठेवतात एकाच स्टोरेजवर!

तेव्हा पुढच्या खरेदीला पाचवा सर्व्हर मागण्याआधी एवढेच विचारा: दुसरे स्टोरेज कुठे आहे?