दोषपरिहारक

ज्या गावाच्या पंचक्रोशीत एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ज्या गावच्या दोन-चार व्यापाऱ्यांनी तरी आपला हिशेब लाल चोपडीतून काढून संगणकात घातला आहे, आणि ज्या गावाहून पुणे इतके लांब आहे की प्रत्येक अडचणीसाठी तेथवर एसटीने जाणे परवडू नये, त्या गावात एका विशिष्ट धाटणीचा गृहस्थ आपोआप उत्पन्न होतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते, त्याच्यापाशी कसली सनद नसते, आणि ग्रामपंचायतीच्या दफ्तरात त्याच्या धंद्याची नोंदही आढळत नाही. तथापि जावा भाषेत रचलेले एखादे वेब ॲप्लिकेशन ऐन वेळी मान टाकते तेव्हा फिर्यादी मनुष्य ज्या जिन्याने धापा टाकीत वर चढतो, तो जिना ह्याच गृहस्थाच्या खोलीकडे जातो. कल्याण-नगर रस्त्यावर, आळेफाटा ओलांडून पूर्वेस आणेघाटाकडे निघाले असता लागणारे आमचे बेल्हे हे ह्या वाणाला फार मानवलेले गाव आहे. सोमवारच्या बैलबाजारामुळे येथील लोकांना दोष पाहण्याची पिढीजात सवय आहे, आणि जवळच बांगरवाडीला समर्थ संकुलाचे अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने पाहण्याजोगे दोषही मुबलक आहेत.

आमचे दोषपरिहारक (लोक त्यांना 'एररवाले दादा' म्हणतात, पण ह्या लेखाच्या भारदस्तपणास ते नाव झेपणार नाही) चाळिशीच्या अलीकडचे आहेत. हिंजवडीस काही वर्षे चाकरी करून, टाळेबंदीच्या काळात घरून काम करण्याच्या निमित्ताने ते गावी आले आणि पुढे कंपनीने परत बोलावले तेव्हा गेले नाहीत. खताच्या दुकानावरच्या माडीत त्यांची बैठक आहे. दोन लॅपटॉप, एक इन्व्हर्टर, भिंतीवर बियाण्यांच्या कंपनीचे कॅलेंडर, आणि गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची ती जुनी निळी फीत. ओळखपत्र कंपनीकडे जमा झाले असल्याने फितीस आता मोटरसायकलची किल्ली लटकते. कपाळावर आठी कायम. ही आठी चिंतेची आहे असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः ती चष्म्याचा नंबर बदलल्याची आहे.

फिर्यादीची पहिली दोन वाक्ये ठरलेली असतात. "दादा, कालपर्यंत चालत होतं," हे पहिले, आणि "मी काहीच बदललं नाही," हे दुसरे. ह्यांपैकी पहिले बहुधा खरे असते व दुसरे कधीही खरे नसते, हे दोषपरिहारकांस पूर्ण ठाऊक असूनही ते दोन्ही वाक्ये सारख्याच आदराने ऐकून घेतात. नंतर लॅपटॉप आपल्याकडे वळवून ते लॉग उघडतात. सर्व्हर कोलमडताना जी दीडदोनशे ओळींची कैफियत लिहून ठेवतो तिची पहिली ओळ वाचूनच विद्यार्थ्याच्या हातापायांतील बळ जाते. दोषपरिहारक वरच्या ओळींकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते सरळ तळाशी जातात आणि 'कॉज्ड बाय' ह्या दोन शब्दांनी सुरू होणारी सर्वांत शेवटची ओळ शोधतात, कारण वरच्या साऱ्या ओळी एकीने दुसरीवर ढकललेल्या दोषारोपाच्या असून मूळ गुन्हा तळाच्या ओळीत कबूल केलेला असतो. ही ओळ सापडावयास त्यांना दोन मिनिटे पुरतात. मात्र ते लगेच बोलत नाहीत. चहा मागवतात, खिडकीपर्यंत जाऊन येतात, फिर्यादीच्या गावी पाऊस किती झाला ह्याची चौकशी करतात, आणि साधारण तासाभराने, जणू काही आताच ध्यानात आले अशा स्वरात विचारतात, "जार कुठं ठेवली होतीस रे?" (जार म्हणजे जावातील तयार प्रोग्रॅमांचे गाठोडे.)

ह्या विलंबाला आळस म्हणणे हा अन्याय होईल. त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करीत. उपरण्याखाली बोटे धरून सौदा पटवावयाचा असे, आणि पहिल्या दाबालाच भाव जमला तरी म्हातारा हात सोडीत नसे. कारण झटक्यात पटलेल्या सौद्यात विकणाऱ्यास वाटते आपण स्वस्त दिला, घेणाऱ्यास वाटते आपण महाग घेतला, आणि दोघांसही वाटते की दलालाने काहीच केले नाही. चिरंजिवांनी हे शास्त्र जसेच्या तसे जावास लावले आहे. रात्रभर जागून ज्या चुकीपुढे मुलाने हात टेकले ती चूक त्याच्यादेखत दोन मिनिटांत काढून दाखविणे म्हणजे त्याच्या जागरणाचा उपमर्द करणे होय, असे त्यांचे मत आहे. मी ह्या मताशी बऱ्याच अंशी सहमत आहे. उरलेला अंश चहाच्या बिलासंबंधी आहे, कारण ते फिर्यादी देतो.

आता त्यांच्यापुढे येणाऱ्या मुकदम्यांविषयी. 8080 क्रमांकाचे पोर्ट आधीच व्यापलेले असणे, म्हणजे सकाळी सुरू केलेला टॉमकॅट नावाचा सर्व्हर बंद न करता दुपारी दुसरा सुरू करू पाहणे, हा इतका किरकोळ गुन्हा आहे की तो ते जिन्यातच निकालात काढतात. विंडोजवर चालणारे पान लिनक्सच्या सर्व्हरवर गेल्याबरोबर सापडेनासे होणे, कारण फाइलच्या नावात एके ठिकाणी मोठे 'बी' व दुसरीकडे लहान, हाही त्याच वर्गातला. एका व्यापाऱ्याच्या हिशेबात सोमवारी पहाटे चार वाजता झालेल्या बैलाच्या विक्रीवर रविवारची तारीख पडत असे. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यामागे साडेपाच तास, असल्याने त्याच्या लेखी तेव्हा रविवारच्या रात्रीचे साडेदहाच वाजलेले असत. व्यापाऱ्याची मात्र समजूत अशी झाली होती की मुनीम बाजार भरण्यापूर्वीच परस्पर व्यवहार करतो, आणि ती समजूत काढण्यास घड्याळ दुरुस्त करण्याहून कितीतरी अधिक वेळ लागला.

ज्या मुकदम्यात दोषपरिहारकांची प्रतिभा खुलते तो प्रश्नचिन्हांचा. कांद्याच्या आवकेचे ॲप्लिकेशन करणाऱ्या एका विद्यार्थ्याने शेतकऱ्याचे नाव 'तुकाराम' असे भरले असता नोंदीत ओळीने सात प्रश्नचिन्हे उमटली. अक्षरे चार असता चिन्हे सात कशी, ह्या शंकेने तो मूळ दुःख विसरला होता. दोषपरिहारकांनी कागदावर मांडून दाखविले की संगणक काना आणि उकार स्वतंत्र मोजतो. त, उकार, क, काना, र, काना, म. लॅटिन लिपीपुरत्या बेताने आखलेल्या रकान्यात ह्यांपैकी एकाही चिन्हास जागा नसल्याने प्रत्येकाच्या वाट्यास एकेक प्रश्नचिन्ह आले. कधी प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरपी रेघ दिलेल्या रोमन 'ए'ची रांग दिसते, तेव्हा ते विशेष आनंदित होतात. कारण यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यातला पहिला बाइट नेहमी एकच असतो, आणि तोच लॅटिन चष्म्यातून पाहिला असता हा तिरप्या रेघेचा 'ए' होतो. म्हणजे अक्षरे शाबूत आहेत, केवळ वाचणारा चुकला आहे. इलाज तीन ठिकाणी करावा लागतो: पानावर, डेटाबेसात, आणि मधल्या सर्व्लेटात, म्हणजे अर्ज वाचून घेणाऱ्या जावा प्रोग्रॅमात. ह्यांतले तिसरे ठिकाण दगाबाज आहे. अर्जातील पहिले मूल्य वाचण्याच्या अगोदर लिपी सांगावी लागते. एकदा वाचून झाल्यावर सांगितली तर तो हुकूम मुकाट्याने ऐकला जातो आणि अमलात मात्र येत नाही. "सरकारी खात्यातून शिकलंय," असे दोषपरिहारक येथे म्हणतात, आणि ते प्रत्येक वेळी म्हणतात.

अलीकडे वारसाहक्काच्या तक्रारी वाढल्या आहेत. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट हा बहुधा मागील वर्षाच्या, आणि तो त्याच्याही मागील वर्षाच्या मुलांकडून चालत आलेला असतो. टॉमकॅट तेवढा नवा उतरवून घेतलेला. मग दहाव्या आवृत्तीचा हा टॉमकॅट जुन्या सर्व्लेटांस ओळखच दाखवीत नाही, आणि एक्स्टर्नल परीक्षक उद्या सकाळी येणार असतो. ह्या प्रसंगी दोषपरिहारक फेरफाराचा दाखला देतात. जावाची मूळ जमीन सन कंपनीची. 2010 साली ती ओरॅकलकडे गेली. ओरॅकलने त्यातला वेब ॲप्लिकेशनांचा तुकडा एक्लिप्स फाउंडेशनला कसावयास दिला, परंतु 'जावा' हे नाव वापरण्याची मोकळीक दिली नाही; सबब तुकड्याचे नाव 'जकार्ता' झाले आणि 2020 साली सातबाऱ्यावरची सारी 'जावाएक्स' अशी नावे खोडून तेथे 'जकार्ता' लिहिली गेली. नववा टॉमकॅट जुना उतारा मानतो, दहावा फक्त नवा. "आता तूच सांग, तलाठी नवीन आणि उतारा जुना, मग नोंद कशी व्हायची?" शेतकऱ्याच्या पोराला हे तत्काळ कळते. तो नववा टॉमकॅट उतरवून घेऊन निघून जातो आणि पुढल्या वर्षीच्या मुलांसाठी हाच वारसा अबाधित ठेवतो.

त्यांचा एक प्रतिस्पर्धी आहे. तो फाट्यावर बसतो आणि त्याची विद्या 'बंद करून चालू करा' ह्या एका मंत्रात संपते. ह्या मंत्राने पुष्कळदा गुण येतो, ही दोषपरिहारकांची खरी व्यथा आहे. एका शेतमालाच्या व्यापाऱ्याचे ॲप्लिकेशन सकाळी उत्तम चाले, दहाच्या सुमारास जड होई आणि अकरापर्यंत थिजून जाई. फाट्यावरचा मनुष्य फोनवरूनच मंत्र देई, आणि दुपारपर्यंत निभे. दोषपरिहारक तेथे गेले, खुर्चीवर बसले, पानावर एकदा टिचकी मारली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागले. पान फिरत राहिले. बरोबर अर्ध्या मिनिटाने त्याने प्राण सोडला. "कनेक्शन," ते म्हणाले, आणि चहा मागविला. डेटाबेसाकडे जाणारी कनेक्शने मोजकी असतात, हिकारी नावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साठ्यात सांगितल्याविना दहाच. घेणाऱ्याने काम होताच ते परत करावयाचे असते, आणि सारी बाहेर अडकली असता नव्या मागणाऱ्यास तीस सेकंद तिष्ठत ठेवून मग नकार दिला जातो. त्या ॲप्लिकेशनात सरळ वाटेने गेलेले प्रत्येक काम कनेक्शन परत करी, पण वजनाचा रकाना रिकामा राहून चूक उद्भवली की मधूनच बाहेर पडे आणि कनेक्शन तसेच राही. सकाळपासून अशा दहा चुका झाल्या की दुकान बंद. 2011 सालच्या सातव्या जावापासून कंस उघडताना मागितलेली वस्तू कंस मिटताना, चूक झाली तरीही, आपोआप परत जाईल अशी सोय भाषेतच आहे. ती वापरून चार ओळी बदलल्या आणि रोग गेला. व्यापाऱ्यास ह्यातले काही कळले नाही, पण घड्याळ पाहून निदान करणारा मनुष्य म्हणून त्याने दोषपरिहारकांची कीर्ती ओतूरपर्यंत पोहोचविली.

'नल पॉइंटर' ह्या सर्वांत बदनाम दोषाविषयी ते हल्ली उदासीन आहेत. जेथे वस्तू असावयास हवी तेथे काहीच नसणे, आणि नसलेल्यास हाक मारणे, असे ह्या दोषाचे स्वरूप. रिकामेपणाचा हा दाखला 1965 साली टोनी होअर ह्यांनी प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणला आणि पुढे 2009 साली ती आपली अब्ज डॉलरांची चूक होती असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. एकाच ओळीत चार हाका असतील तर त्यांतील कोणती रिकाम्या घरात गेली हे जुना जावा सांगत नसे, आणि ते ओळखण्यावर दोषपरिहारकांचा पुष्कळसा लौकिक उभा होता. 2020 च्या पंधराव्या आवृत्तीपासून जावा स्वतःच ते नावानिशी सांगू लागला. ही सुधारणा त्यांनी अद्याप मनाने स्वीकारलेली नाही. मुलांच्या यंत्रावर आठवा जावा आढळला की त्यांचा चेहरा उजळतो.

ह्या मनुष्याची खरी कसोटी पाहिली ती 2021 च्या डिसेंबराने. त्या महिन्याच्या 9 तारखेच्या सुमारास जगजाहीर झाले की लॉगफोरजे ह्या, जावाच्या असंख्य ॲप्लिकेशनांत रोजनामा लिहिण्यासाठी घातलेल्या जारमध्ये भयंकर छिद्र आहे. एखाद्या साध्या अर्जातील नावाच्या रकान्यात कोणी विशिष्ट मजकूर लिहिला आणि तो रोजनाम्यात उतरला, की सर्व्हर परक्या ठिकाणचा प्रोग्रॅम आणून आपल्या हाताने चालवील. दोषपरिहारक त्या रात्रीपासून आपण आजवर हात लावलेले प्रत्येक ॲप्लिकेशन आठवून आठवून तपासू लागले. 2.15 ही सुधारलेली आवृत्ती घातली, तोच ती अपुरी ठरून 2.16 निघाली, ती घालून होते न होते तोच 2.17. नेमक्या त्याच आठवड्यात, 16 तारखेस, 2014 पासून बंद असलेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. सारा जुन्नर आणि आंबेगाव तालुका भंडारा उधळीत रस्त्यावर आला, फटाके उडाले, गोठ्यात बसून राहिलेल्या खोंडांचे भाव बसल्या जागी चढले. आणि ह्या गदारोळातून हा एकटा गृहस्थ मोटरसायकलवर लॅपटॉप बांधून जार बदलीत हिंडत होता. ज्याच्या दारी जाई तो म्हणे, "अहो, आज कसलं काम काढलंत? पेढे घ्या."

जानेवारीत त्यांनी बिले पाठविली. पहिलाच व्यापारी बिल हातात घेऊन माडी चढून आला.

"दादा, माझं काय बिघडलं होतं?"

"काही नाही."

"मग तुम्ही आलात तेव्हा काय नीट झालं?"

"दिसण्यासारखं काही नाही. पण होऊ शकलं असतं."

"ते झालं असतं तर तुम्हाला बोलावलंच असतं की मी," व्यापारी म्हणाला, आणि ह्या युक्तिवादास जावाच्या कोणत्याही आवृत्तीत उत्तर नसल्याने दोषपरिहारक, माझ्या पाहण्यात प्रथमच, चहा मागविण्यास विसरले. फिर्याद नाही, लॉगात ओळ नाही, तासभर खिडकीपाशी फिरावे असे काही नाही. वडिलांच्या साऱ्या विद्येत विकाऊ बैलच नसलेल्या सौद्याची तरतूद नव्हती. आठवडाभर ते बिल तसेच राहिले. पुढच्या सोमवारी त्यांनी व्यापाऱ्याच्या ॲप्लिकेशनाच्या माथ्यावरील निळी पट्टी बदलून हिरवी केली, डाव्या कोपऱ्यात एक बैल बसविला, आणि तेच बिल पुन्हा पाठविले. संध्याकाळी बाजार उठण्यापूर्वी रक्कम जमा झाली होती.