गोळी बदनाम, भलतीच मोकाट

धाराशिवच्या एसटी स्टँडवर अर्धा तास बसा, एक निदान फुकटात कानावर पडतं: "बीपीची गोळी किडनी खाते." सांगणाऱ्यानं स्वतःची गोळी परवाच बंद केलेली असते. कंबर धरली म्हणून घेतलेली डायक्लोफिनॅकची पट्टी मात्र खिशात असते. तिच्याबद्दल पारावर अजून काही बोलणं झालेलं नाही.

टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी बीपीची गोळी सुरू झाली की किडनीच्या कामाचा अंदाज देणारं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं चढतं, हे खरं. तीस टक्क्यांपर्यंत चढलं तरी डॉक्टर सहसा गोळी थांबवत नाहीत. किडनीच्या गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण असते, आणि त्या दाबामुळेच लघवीतून प्रथिनं वाहून जात असतात. ब्रिटनमध्ये किडनी बरीच खालावलेल्या ४११ रुग्णांपैकी निम्म्यांच्या अशा गोळ्या थांबवल्या आणि तीन वर्षं वाट पाहिली. २०२२ साली निकाल आला: थांबवून किडनी काही सुधारली नाही.

मग धोका कुठंय? संगतीत. किडनी म्हणजे वाफा समजा. बीपीची ही गोळी वाफ्याचं खालचं दारं मोडते, लघवीची गोळी विहीरच उपसते, दुखण्याची गोळी वरचं दारं बांधून टाकते. वाफ्यात पाणी राहील कसं? त्यात मे महिन्याचं ऊन नाहीतर जुलाब. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्यांच्या पोटऱ्या भरून येतात आणि कुणीतरी मायेनं पट्टी पुढं करतो: घ्या एक, बाकी आई बघून घेईल. आई चालवून नेईलही. पोटॅशियम बघायला मात्र रक्तच द्यावं लागतं.

हे पोटॅशियम मोठं लबाड. वाढलं तरी दुखत नाही, खुपत नाही, थेट हृदयाचा ठोका चुकवतं. बीपीच्या या गोळ्यांनी ते वाढू शकतं, किडनी अधू असेल तर जास्तच. आणि लेकानं शहरातून कौतुकानं आणलेलं ते 'बीपीवाल्यांचं' कमी सोडियमचं मीठ? त्यात सोडियमच्या जागी बहुतेकदा पोटॅशियमच घातलेलं असतं!

गोळी सुरू केली किंवा डोस वाढवला, की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, ते डॉक्टरला विचारा. आणि मेडिकलवर कंबरेची गोळी मागण्याआधी किडनीचं सांगा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, दोन्ही तपासण्या एकाच सुईत होतात.